तार लागल्यानंतरची दोन वर्षं

दातांवरची तार निघते तो दिवस घरात सगळ्यांनाच आनंदाचा असतो. डॉक्टर पकडीने तार धरणारं एकेक ब्रॅकेट दाबून सोडवतात, दातावर उरलेलं चिकट द्रव्य घासून काढतात आणि मुलीच्या हातात आरसा देतात. दीड-दोन वर्षांपूर्वी एकमेकांवर चढलेले दात आता एका रांगेत असतात. काहींना मात्र त्याच आरशात आणखी एक गोष्ट दिसते. जिथे ब्रॅकेट चिकटवलेलं होतं तेवढा चौकोन चकचकीत, आणि त्याच्याभोवती खडूच्या रंगाची पांढरट चौकट. ब्रशने कितीही घासली तरी ती जात नाही, कारण दातावर काही साचलेलं नसतं. दातातूनच काही निघून गेलेलं असतं. एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून गेल्याची ती खूण असते.

तोंडातले जिवाणू साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि आम्ल सोडतात. दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमल विरघळायला लागतं. एरवी लाळ थोड्या वेळात परिस्थिती सावरते, गेलेली खनिजं परत आणून भरते. ब्रॅकेटच्या कडेला मात्र लाळ नीट पोहोचत नाही, जीभ आणि ओठही तिथे फिरत नाहीत. तिथला पिवळट, मऊ थर तसाच राहिला तर महिनाभरातही पांढरा डाग उमटू शकतो. वेळीच लक्ष गेलं तर फ्लोराइडने डाग फिका होतो; दुर्लक्ष झालं तर तिथेच कीड लागते.

दात जागेवर आणणं हे डॉक्टरांचं काम, आणि ते दात धडधाकट राखणं हे घरचं. महिना-दीड महिन्यातून एकदा दवाखान्याच्या खुर्चीत अर्धा तास जातो. बाकीचे सगळे दिवस तार लावलेलं मूल, त्याचा ब्रश, त्याचा डबा आणि घरातली माणसं यांचेच असतात. म्हणून ‘खर्च किती येईल’ आणि ‘किती महिने लागतील’ या दोन प्रश्नांबरोबर ‘आम्ही घरी काय करायचं’ हा तिसरा प्रश्नही पहिल्याच दिवशी विचारायला हवा. तो फार कमी पालक विचारतात.

दात हलतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की पुढच्या बऱ्याच सूचनांचा अर्थ आपोआप लागतो. दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. तारेने दात एका बाजूला ढकलला की त्या बाजूचं अस्तर दाबलं जातं आणि तिथे हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात. विरुद्ध बाजूचे तंतू ताणले जातात, तिथे हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढचं हाड विरघळत जातं, मागचं भरत येतं आणि दात आपल्या अस्तरासकट पुढे सरकतो. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. ‘डॉक्टर, जरा जोरात आवळा, लवकर होऊ द्या’ अशी गळ घालणारे पालक असतात, पण जास्त जोर लावून दात लवकर सरकत नाही. अस्तराचा रक्तपुरवठाच दाबला जातो, काम अडतं आणि दाताच्या मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. हलका आणि सतत राहणारा दाब, हेच या शास्त्राचं सगळं कसब आहे.

हा हलका दाब कसा मिळवायचा, यासाठी दोन शतकं खटपट झाली. पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात घोड्याच्या नालासारख्या धातूच्या पट्टीचं वर्णन केलं. दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी या विद्येला स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळवून दिला. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात यावरून त्यांनी १८९९ मध्ये केलेले तीन वर्ग आजही प्रत्येक केसपेपरवर लिहिले जातात. अँगल यांच्या काळात तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत आणि प्रत्येक दाताला अंगठीसारखा धातूचा पट्टा घालावा लागे. पट्टे काढले की दातांमध्ये पट्ट्याच्या जाडीच्या फटी उरत, त्या बुजवण्याचं काम वेगळं.

पट्टे गेले ते अमेरिकी दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांच्या १९५५ सालच्या शोधामुळे. कारखान्यांत धातूवर रंग पक्का बसावा म्हणून फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी तेच दातावर करून पाहिलं. आम्लाने एनॅमल किंचित खडबडीत झालं आणि त्यावर राळ घट्ट धरली. आज ब्रॅकेट चिकटवण्याआधी दातावर जो निळा किंवा हिरवा जेल लावतात, तो या प्रयोगाचाच वारस. तारेची गोष्ट याहून सुरस आहे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्रांसाठी धातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची एक पट्टी घड्या घालून १९६१ च्या सुमारास एका बैठकीत सगळ्यांच्या हातात फिरत होती. एकाने पाइप पेटवायच्या लायटरची आच तिला दिली, आणि घड्या उलगडून पट्टी आपोआप सरळ झाली. नितिनॉल असं नाव मिळालेला हा धातू १९७० च्या दशकात आयोवाचे दंतवैद्य जॉर्ज अँड्रिसन यांनी दातांसाठी आणला. वाकड्या दातांत ही तार वाकडी बसवता येते, आणि मूळ आकारात परतण्याच्या धडपडीत ती दातांना आठवडेच्या आठवडे हलकेच ओढत राहते. पहिल्या काही महिन्यांत दातांवर जी बारीक, लवचीक तार असते ती बहुधा हीच. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी, म्हणजे खोट्या कानातल्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांना पुरळ उठतं त्यांनी, हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

आता पहिला आठवडा. तार बसवताना दुखत नाही. दुखायला लागतं ते काही तासांनी. दुसऱ्या दिवशी ठणका सगळ्यात जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. हे दुखणं म्हणजे दात हलायला लागल्याची निशाणी, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. लागली तर साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. दर वेळी तार बदलली की एक-दोन दिवस हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो. गालाच्या आणि ओठाच्या आतल्या बाजूला ब्रॅकेट घासून फोड येतात. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या की आराम पडतो, आणि दवाखान्यातून मिळणारं मेण तर पहिल्या दिवसापासून दप्तरात असावं. ब्रॅकेट आधी कापसाने कोरडं करायचं, मेणाची हरभऱ्याएवढी गोळी बोटांनी मऊ करायची आणि त्यावर दाबून बसवायची. ओलसर ब्रॅकेटवर मेण धरत नाही, इथेच बहुतेक मुलं कंटाळून नाद सोडतात.

या आठवड्यात स्वयंपाकघराला फारसं नवीन काही करावं लागत नाही. मऊ खिचडी, वरणभात, उपमा, इडली, शिरा, दुधात कुस्करलेली पोळी. भाकरी सोडायची गरज नाही, ती आमटीत नीट भिजवून खाल्ली की झालं. खरी परीक्षा पुढे असते, दुखणं थांबल्यावर. दुखत नाही म्हणजे सगळं चालतं असा मुलांचा समज होतो, आणि आपल्याकडे सण काही थांबत नाहीत. संक्रांतीचा कडक तिळगूळ, लोणावळ्याची चिक्की, दिवाळीतल्या चकल्या आणि कडक बुंदीचे लाडू, हिवाळ्यातले डिंकाचे लाडू, उसाचं कांडं, भाजलेलं मक्याचं कणीस, खारे शेंगदाणे, पेरू. यातलं काहीही दाताने तोडलं की ब्रॅकेट निखळतं किंवा तार वाकते. निखळलेल्या ब्रॅकेटचा दात त्या दिवसापासून थांबतो, कधी मागेही फिरतो, आणि उपचाराचे आठवडे वाढतात.

सरसकट बंदी घालून मात्र काही साधत नाही. बाकी भावंडं तिळगूळ खात असताना एकालाच ‘तुला नाही’ म्हटलं की ते मूल चोरून खातं, आणि चोरून खाल्लेलं घाईघाईत दाताने तोडलं जातं. मऊ तिळाची वडी आणि गुळाची पोळी त्याच्या वाट्याला यावी. पेरूच्या पातळ फोडी करून, बिया काढून द्याव्यात. सफरचंदाच्या आणि गाजराच्या बारीक चकत्या मागच्या दातांनी चावता येतात. कणसाचे दाणे सोलून वाटीत घ्यावेत. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, हा एकच नियम पक्का झाला तर निम्मे अपघात टळतात. लाह्या आणि पॉपकॉर्न यांची अडचण वेगळी. त्यांची टरफलं हिरडी आणि ब्रॅकेटच्या मध्ये अडकतात आणि तिथे हिरडी सुजते. पेनचं टोपण चघळणं, नखं खाणं, बर्फ फोडणं या सवयीही ब्रॅकेटच्या मुळावर येतात. मोठ्या माणसांनी सुपारी विसरावी.

आपल्या जेवणातली एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे हळद. ब्रॅकेटला तार धरून ठेवणारी बारीक रबरी कडी पारदर्शक असेल तर आमटी-भाजीच्या दोन-चार जेवणांत ती पिवळी होते. दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट हौसेने लावणाऱ्यांना याचा फार मनस्ताप होतो. ब्रॅकेट पिवळं पडलेलं नसतं, कडी पडलेली असते, आणि पुढच्या भेटीत ती बदलली जाते. करडी, चंदेरी किंवा गडद निळी कडी निवडली की हळद दिसत नाही. गोड पदार्थांबाबत पालकांचा हिशोब बरेचदा चुकतो. जेवणाबरोबर खाल्लेल्या एका जिलबीपेक्षा तासभर घोट-घोट प्यायलेलं थंड पेय दाताचं जास्त नुकसान करतं, कारण प्रत्येक घोटाला तोंडातली आम्लता पुन्हा वाढते. लिंबू सरबत आणि पन्हंही त्याच माळेतली. प्यायचं तर एकदाच प्यावं आणि वर साध्या पाण्याने चूळ भरावी.

मग ब्रश. तार लावलेल्या मुलाला बेसिनपाशी एकदा नीट बघावं. ब्रश दातांच्या मधोमध फिरतो, तारेवरून सरकतो, फेस होतो, चूळ भरून मूल मोकळं. ब्रॅकेट चमकतात, म्हणून दात स्वच्छ वाटतात. ओठ वर करून हिरडीच्या कडेला पाहिलं की तिथे पांढरट थराची एक रेघ तशीच असते. ती काढायला ब्रश तिरका धरावा लागतो : आधी हिरडीकडून खाली तारेच्या दिशेने, मग खालच्या बाजूने वर तारेच्या दिशेने, आणि शेवटी समोरून ब्रॅकेटवर. एकेका दातावर छोटे गोल फिरवत, पाच-सहा सेकंद थांबत. यानंतर बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा इंटरडेंटल ब्रश घ्यायचा, तो दोन ब्रॅकेटच्या मध्ये तारेखालून वर घालायचा, दोनदा खाली-वर करायचा आणि पुढच्या फटीत जायचं. सवय झाल्यावर हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं. रात्रीची वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना सावरायला कुणी नसतं.

पेस्ट फ्लोराइडची हवी. पाकिटावर हजार ते दीड हजार पीपीएम असा आकडा असतो, तो पाहून घ्यावा. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, भरपूर पाण्याने खळखळून धुऊ नये. थोडं फ्लोराइड दातावर राहिलं पाहिजे. ब्रशचे केस मऊ असावेत आणि तारेमुळे ते लवकर फाकतात म्हणून दोन महिन्यांतच ब्रश बदलावा. कोळशाची पूड, विटकरीची पूड, मिशरी यांना या काळात घरात थारा नको. ही पूड एनॅमल खरवडते, आणि मिशरी म्हणजे तर जाळलेली तंबाखू. मूल नीट घासतं की नाही हे पाहायचं असेल तर औषधाच्या दुकानात रंगाची गोळी मिळते. ती चघळली की राहिलेला थर गुलाबी किंवा निळा दिसतो. ओरडण्यापेक्षा हा रंग लवकर पटतो, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तर नक्कीच.

अपघात व्हायचे ते होतातच, आणि तेही बहुधा दवाखाना बंद असताना. मागच्या दाढेजवळ तारेचं टोक गालात टोचायला लागलं तर स्वच्छ केलेल्या खोडरबराच्या टोकाने ते हळूच दाताकडे वळवावं आणि वर मेण लावावं. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर मेणाने जागेवर धरून दुसऱ्या दिवशी फोन करावा. सुटून हातात आलेलं ब्रॅकेट डबीत ठेवून बरोबर न्यावं. तोंडावर मार बसला आणि दात हलायला लागला, किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर मात्र वाट पाहू नये. कबड्डी, हॉकी, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलांनी तारेवर बसणारा खास माउथगार्ड वापरावा. तो नसेल तर ओठ ब्रॅकेटवर आपटून आतून फाटतो. सनई किंवा बासरी शिकणाऱ्यांचे पहिले काही आठवडे त्रासाचे जातात, कारण ओठांची ठेवण बदलते. रियाज कमी करून चालू ठेवला तर ओठ नवी जागा शोधतात.

उपचाराच्या मध्यावर पुष्कळांच्या हातात बारीक रबरांचं पाकीट येतं. वरच्या आणि खालच्या दातांत अडकवायची ही रबरं जबड्यांची बैठक जुळवतात. ती दिवसातून वीस-बावीस तास लावावी लागतात, फक्त जेवताना आणि घासताना काढायची, आणि रोज नवी घ्यायची, कारण ताण काही तासांतच कमी होतो. उपचार लांबण्याचं एक मोठं कारण या पाकिटात असतं. ‘सकाळी लावलं नाही, रात्री दोन-दोन लावतो’ असं करणारी मुलं स्वतःचंच नुकसान करतात, कारण दुप्पट जोर मुळांना झेपत नाही.

याच रबरापायी काहींनी दात गमावले आहेत, डॉक्टरशिवाय. पुढच्या दोन दातांतली फट घरच्या घरी मिटवायला इंटरनेटवर पाहून दातांभोवती रबर गुंडाळतात. दाताचं मूळ वर निमुळतं होत जातं, त्यामुळे रबर हिरडीखाली सरकतं, दिसेनासं होतं आणि अस्तराचे तंतू कापत जातं. दोन्ही चांगले दात हलून पडल्याची उदाहरणं दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तारेऐवजी दातांवर चढवायच्या पारदर्शक खोळींचा, म्हणजे अलायनरचा, मार्ग चांगला आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने तो रुळवला, आणि खाण्याघासण्याला तो तारेपेक्षा सोपा आहे. पण तोही तोंड तपासून, एक्स-रे काढून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पोस्टाने साचे मागवून घरी अलायनर पाठवणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि तिचे असंख्य रुग्ण अर्ध्या उपचारात अडकले.

दात सरळ करण्याच्या या शाखेचा डॉक्टर म्हणजे बी.डी.एस. नंतर तीन वर्षं एम.डी.एस. केलेला ऑर्थोडॉन्टिस्ट. पाटीवर ही पदवी पाहावी, नसेल तर सरळ विचारावं. यात संकोच कसला? खासगी उपचार परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. तिथे वेळ जास्त द्यावा लागतो, पण प्रत्येक टप्पा शिक्षकांच्या नजरेखालून जातो. मूल सातेक वर्षांचं झालं की एकदा दाखवून ठेवावं. लगेच तार लागेलच असं नाही, पण अंगठा चोखण्याची सवय, तोंडाने श्वास घेणं किंवा दुधाची दाढ लवकर गेल्याने अडलेली जागा तेव्हा लक्षात येते. मोठेपणीही तार लावता येते. हिरड्या निरोगी असल्या म्हणजे झालं.

तार निघते तेव्हा घरच्यांना वाटतं, संपलं. खरं तर दाताभोवतीचं नवं हाड अजून कोवळं असतं आणि हिरडीतले तंतू जुन्या जागेकडे ओढत असतात. त्यांना नवी रचना स्वीकारायला वर्षभर लागतं. म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. सुरुवातीचे काही महिने जवळजवळ दिवसभर, मग रात्री, आणि रात्रीचा शिरस्ता पुढे कित्येक वर्षं. वयाबरोबर खालचे पुढचे दात सगळ्यांचेच थोडे दाटीत येतात, कधी तार न लावलेल्यांचेही. रिटेनर थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा, गरम पाण्याने तो वाकडा होतो. हॉटेलात जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवलेला रिटेनर ताटासोबत कचऱ्यात जातो, म्हणून डबी नेहमी जवळ असावी. दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार असेल तर तिच्याखालून रोज फ्लॉस जायला हवा.

बारावीनंतर मुलं पुण्या-मुंबईला हॉस्टेलवर जातात, रिटेनर घरच्या कपाटात राहतो आणि दिवाळीच्या सुट्टीत तो घट्ट बसतो, कधी बसतच नाही. घट्ट बसत असेल तर काही रात्री नेमाने लावून दात बऱ्याचदा जागेवर येतात. अजिबात बसत नसेल तर जोर लावून दाबू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावं. दात थोडेच सरकले असतील तर नव्या रिटेनरवर किंवा दोन-चार अलायनरवर काम भागतं. तार काढतानाच्या दातांचं डिजिटल स्कॅन किंवा प्लॅस्टरचं मॉडेल डॉक्टरांकडून मागून ठेवावं. रिटेनर हरवला आणि दात अजून जागेवर असले तर त्यावरून दुसऱ्या गावातही नवा रिटेनर बनवता येतो.